वळायच्या आधीच

मुक्ता थोरवतनं खो दिला तेव्हा रेवती अजून वळलीसुद्धा नव्हती. डावीकडे सुटायचं, एवढं तिच्या मनात जेमतेम ठरत होतं. तेवढ्यात त्याच बाजूला पाटीवर बसलेली मुलगी उठून तिच्या वाटेत आली, खांद्याला हात लागला आणि पंचांची शिट्टी वाजली.

मिरजेच्या मैदानावर टाळ्या झाल्या. रेवती मान खाली घालून बाहेर आली. बाद होण्याचं तिला काही वाटलं नसतं. खो-खोत आज ना उद्या प्रत्येक जण बाद होतो. पण कृष्णाई संघाच्या हाती ती या मोसमात तिसऱ्यांदा अशी सापडली होती. कुणी तिचा पाठलाग करून तिला गाठलं नव्हतं. ती जिथं जाणार होती, तिथं दर वेळी कुणीतरी आधीच हजर होतं.

बाकावर बसून ती उरलेला डाव बघत राहिली. आत आता तेजल घुले पळत होती. तेजलचं पळणं बघवत नव्हतं. ती अडखळायची, भलत्याच बाजूला निघायची, मध्येच थबकायची. आणि तरीही निसटायची. डाव संपल्याची शिट्टी झाली तेव्हा ती नाबाद होती, आणि मुक्ता थोरवत कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत हसत होती.

हिला कशा काय पकडत नाहीत त्या, असं रेवतीच्या मनात आलं. तिनं तो विचार झटकला. पण सामना संपल्यावर ती पाणी प्यायला टाकीकडे गेली, आणि टाकीच्या पलीकडे तिला तेजल दिसली. सोबत मुक्ता होती. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. तेजलनं एकदा मागं वळून पाहिलं, कुणी बघत नाही ना अशा नजरेनं. रेवती भिंतीआड झाली. आपण का लपलो, हे तिचं तिलाच कळलं नाही.

येडशीच्या माळावर बालाघाट क्रीडा प्रबोधिनी होती. रेवती खंडागळे आठवीत तिथं आली आणि आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिची आई कळंबला ब्लाउज शिवायची. सामना असला की मशीन बंद करून मोबाइलवर बघायची. तेजल भूमकडची. दोघी एकाच दिवशी प्रबोधिनीत आल्या होत्या, तेव्हापासून एकाच खोलीत राहत होत्या. रेवती पळतीची पहिली खेळाडू आणि तेजल दुसरी, हे इतक्या वर्षांचं ठरलेलं होतं. राज्य संघाची निवड तोंडावर आली होती, आणि प्रबोधिनीतून एकीचीच वर्णी लागेल असं सगळे म्हणत होते.

या दोघींच्या मध्ये 'पडसाद' आलं ते आदल्या वर्षी.

माणूस वळतो त्याच्या आधी त्याचे स्नायू वळायची तयारी करतात. मेंदूतून निघालेला विजेचा बारीकसा संदेश स्नायूत पोचतो, तंतू ताणले जातात, आणि मग पाय हलतो. मधला काळ पापणी लवण्याहून कमी, पण मोजता येण्याजोगा. दवाखान्यात लकव्याच्या रोग्यांचे स्नायू तपासायला हे मोजमाप फार पूर्वीपासून होत होतं. पडसादनं ते मैदानात आणलं. पोटरी, मांडी, कंबर आणि गळा अशा जागी कागदासारख्या पातळ पट्ट्या चिकटवायच्या आणि रोजचा सराव करायचा. काही आठवड्यांत यंत्र त्या मुलीचं प्रतिरूप तयार करायचं. संगणकातली ही मुलगी खऱ्या मुलीसारखीच पळायची, तिच्यासारखीच चुकायची. यंत्र तिला संगणकातच लाखो डाव खेळायला लावायचं आणि शोधून काढायचं, की अमुक प्रसंगी कुठं वळलं तर सर्वांत जास्त वेळ टिकता येतं. जिथं खरी मुलगी त्याहून वेगळं वागायची, तिथं 'दोष' अशी नोंद व्हायची.

मग दुसऱ्या टप्प्यात दोष काढायचे. मुलगी चुकीच्या बाजूला वळायच्या बेतात आली, की कमरेची पट्टी तिला त्या बाजूला बारीकसा झटका द्यायची. मुली त्याला चिमटा म्हणायच्या. सामन्यात चिमट्याला परवानगी नव्हती, पण सरावात इतके चिमटे बसायचे की सामन्यात त्याची गरजच पडायची नाही. अंगच शिकून जायचं.

रेवतीचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे उजवीकडे वळण्याआधी टाकलेलं एक उगाचचं अर्धं पाऊल. प्रशिक्षक झांबरे मॅडमनी वर्षानुवर्षं ओरडूनही ते गेलं नव्हतं. पडसादनं ते एका उन्हाळ्यात घालवलं. पडद्यावर रेवतीच्या नावापुढं हिरवी रेघ वर चढत गेली. तेजलची रेघ मात्र तळालाच राहिली. "घुलेचं अंग आडमुठं आहे," मॅडम म्हणायच्या, "सुधारणाच घेत नाही."

आणि आता सरावात सगळ्यांत पुढे असलेली रेवती सामन्यात सापडत होती, तळाची तेजल नाबाद राहत होती. याचा अर्थ काय, हे मिरजेहून परतताना बसच्या खिडकीशी बसून रेवतीनं लावला. आपण कुठं वळणार हे फक्त पडसादला माहीत आहे. ते कृष्णाईकडे पोचलंय. पोचवणाऱ्यानं स्वतःचं सोडून आपलं दिलंय.

तेजल शेजारच्या सीटवर झोपली होती. झोपेत तिचं डोकं रेवतीच्या खांद्यावर आलं. रेवतीनं ते हलकेच सीटच्या पाठीकडे सरकवलं.

त्यानंतर रेवती तेजलवर नजर ठेवू लागली. तेजल आंघोळीला गेली की तिचा फोन उलटा पडलेला असायचा. आधीही असायचा का, ते रेवतीला आठवेना. सरावाआधी पट्ट्या लावायची वेळ झाली की तेजल कपडे बदलायच्या खोलीचं दार लोटून घ्यायची. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींसमोर कपडे बदलले होते, मग आत्ताच दार का?

"दार कशाला लावलंस गं?" एकदा तिनं विचारलं.

"वारं येतंय," तेजल म्हणाली. वारं अजिबात नव्हतं.

"त्या दिवशी मुक्ताशी काय बोलत होतीस?"

तेजल पट्टी लावता लावता थांबली. "कोण म्हणलं?"

"मी पाहिलं."

"काही नाही. तिच्या गुडघ्याचं विचारत होते." एवढं बोलून ती बाहेर गेली.

रेवतीनं दुसऱ्याच दिवशी झांबरे मॅडमचं दार वाजवलं.

उषा झांबरे स्वतः एके काळी राज्याकडून खेळलेल्या. प्रबोधिनीत पडसाद यावं म्हणून त्यांनीच धडपड केली होती. रेवतीचं सगळं ऐकून त्यांनी पडसाद सांभाळणाऱ्या सौमित्र देव सरांना बोलावलं.

"माहिती बाहेर गेल्याची काही खूण दिसत नाही, मॅडम," देव सर म्हणाले. तिशीतला बारीक अंगाचा माणूस, बोलताना चष्मा पुसायची सवय.

"खूण ठेवून कोण चोरी करतं?" मॅडम म्हणाल्या.

यावर काय करायचं ते रेवतीनंच सुचवलं. पडसादमध्ये प्रश्नोत्तरांची सोय होती. खेळाडू निवडीच्या भीतीनं दुखणी लपवतात, म्हणून ती केलेली. गुडघा दुखतोय का, असं विचारायचं. मुलगी नाही म्हणाली तरी गळ्याजवळची पट्टी आवाजाच्या स्नायूंचा ताण, नाडी आणि घाम यांवरून सांगायची, की आत काहीतरी हललंय. रेघ पिवळी होऊन लाल व्हायची.

"तेजलला पट्टी लावून विचारू या," रेवती म्हणाली. "काही नसेल तर तिचंच बरं होईल."

हे बोलताना आपला आवाज किती शांत आहे, हे तिच्याच लक्षात आलं.

तेजलला बोलावलं. समोर मॅडम, बाजूला देव सर, भिंतीशी रेवती. तेजलनं एकदाच रेवतीकडे पाहिलं.

"पडसादच्या बाबतीत तू आमच्यापासून काही लपवतेस का?" मॅडमनी विचारलं.

"नाही," तेजल म्हणाली.

रेघ लाल झाली. ती इतकी झटकन वर गेली की देव सरांनी चष्मा पुसणं सोडून पडद्यात डोकं घातलं.

"कृष्णाईच्या मुलींना तू इथलं काही दिलंस?"

"नाही, मॅडम. आईशपथ नाही."

रेघ खाली आलीच नाही. "मॅडम, मी सांगते…" तेजलनं सुरुवात केली, पण मॅडमनी हात वर केला.

"यंत्रानं सांगितलं. आता तू सांगून काय होणार?"

चौकशी पुरी होईपर्यंत घरी राहायचं, असं ठरलं. तेजलनं बॅग भरली तेव्हा रेवती मैदानावर जाऊन बसली. परत आली तर खोलीतला दुसरा पलंग रिकामा होता. गादीची गुंडाळी करून तिला नाडीनं नीट गाठ मारलेली होती.

रेवतीला वाटलं होतं, आता बरं वाटेल. दोन-तीन दिवस वाटलंही.

मग धाराशिवला पुन्हा कृष्णाईशी गाठ पडली. मॅडमनी रेवतीच्या पळण्याची सगळी आखणी बदलली होती. पूर्वी ती साखळीनं, पाटीवरच्या मुलींच्या मधून नागमोडी पळायची. आता खांबाजवळच गोल खेळायचं ठरलं. नवी आखणी पडसादवर घोटून घेतली होती आणि ती रेवती, मॅडम आणि देव सर सोडून कुणालाही माहीत नव्हती.

रेवती आत गेली. मुक्तानं तिला खांबाकडे जाऊ दिलं. रेवतीनं वळायचं ठरवलं आणि वळायच्या आधीच खो झाला. समोर मुलगी उभी.

मिरजेहूनही लवकर बाद झाली ती.

बाहेर येताना ती मनाशी हिशोब करत राहिली. तेजल इथं नाही. तेजलला ही आखणी ठाऊकही नाही. मग कोण? उरले दोघंच. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा ती दचकली. देव सर चष्मा पुसत दूर उभे होते, त्यांच्याकडे बघणंही तिनं टाळलं. जेवायच्या पंगतीत तिनं स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं.

प्रबोधिनीत परतल्यावर सकाळचा सराव टाळून ती सरळ देव सरांच्या खोलीत गेली.

"सर, तुम्ही देता का माहिती?"

देव सर आधी हसले, मग तिचा चेहरा बघून त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. "बस."

"मी उभीच बरी आहे."

"मी खूप तपासलं, रेवती. इथून काहीही बाहेर गेलेलं नाही. कालच्या सामन्यानंतर मला वेगळीच शंका आली. बघतेस?"

त्यांनी संगणकाचा पडदा सुरू केला. सामन्यांच्या चित्रणावरून त्यांनी कृष्णाईच्या खेळाडूंचीही प्रतिरूपं बनवली होती. चित्रणावरची, त्यामुळं ढोबळ, पण पळण्याची ढब कळावी इतपत नेमकी. पडद्यावर दोन राखाडी आकृत्या आल्या. चेहरा नाही, केस नाहीत, कपडे नाहीत. दोघींच्या मागं सारखाच पाठलाग लावला.

"यातली एक तू आहेस," सर म्हणाले. "कुठली?"

रेवती पुढं झाली. आकृत्या पळत होत्या, खांबाशी वाकत होत्या, हुलकावणी देत होत्या. हे काय विचारणं झालं, असं तिला वाटलं. आणि मग ती बघतच राहिली. डावीकडची आकृती वळली, त्याच क्षणी उजवीकडचीही वळली. एकीनं आत कापलं, तर दुसरीनंही. बराच वेळ गेला.

"ही," ती शेवटी म्हणाली.

"ती मुक्ता आहे."

रेवतीनं हातानं खुर्ची शोधली आणि बसली.

"त्यांच्याकडेही असंच यंत्र आहे," देव सर सावकाश बोलू लागले. "नाव वेगळं असेल, पण काम हेच. एखाद्या प्रसंगी सर्वांत चांगली चाल एकच असते. यंत्र प्रत्येकीला त्या चालीकडे ढकलतं. तुझे दोष वेगळे, मुक्ताचे वेगळे. पण दोघींचे दोष काढले की मागं जे उरतं ते एकसारखं असतं. त्यांच्या मुली रोज सरावात एकमेकींना पकडतात, म्हणजे न बघता तुलाच पकडायचा सराव करतात. त्यांना चोरी करायची गरजच काय?"

"मग तेजल कशी निसटते?"

"तिचे दोष गेलेच नाहीत. ती चुकते. कुठं चुकेल ते कुणालाच सांगता येत नाही."

बाहेर मुलींची मोजून उड्या मारायची लय ऐकू येत होती.

"पण तिची रेघ लाल झाली होती, सर. तुम्हीही पाहिलीत."

"पाहिली. तिचं अंग घाबरलं होतं, एवढं यंत्रानं बरोबर सांगितलं. कशाला घाबरलं होतं, ते यंत्राला कळत नाही. ते आपण ठरवलं." त्यांनी पडदा बंद केला. "मी तेव्हाच हे बोलायला हवं होतं."

भूमच्या अलीकडे फाट्यावर उतरून रेवती वस्तीपर्यंत चालत गेली. घुल्यांच्या अंगणात खव्याची भट्टी होती. या भागातल्या बऱ्याच भट्ट्यांवर आता विजेवर फिरणारे ढवळे आले होते, पण इथं तेजल स्वतः लोखंडी उलथनं घेऊन कढईतलं दूध घोटत होती. तिनं रेवतीला पाहिलं आणि हात थांबवला नाही.

"खाली लागंल," ती म्हणाली. "बोल, मी ऐकायली."

रेवतीनं सगळं सांगितलं. पडद्यावरच्या दोन आकृत्या, आपण चुकून मुक्ताला स्वतः समजलो ते, देव सर काय म्हणाले ते. तेजल घोटत राहिली. दूध घट्ट होत आलं होतं, हातातलं उलथनं जड झालं होतं.

"मला माहीत होतं," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"मी कमरेची पट्टी कातडीला लावतच नव्हते. शॉर्ट्सच्या इलॅस्टिकला आतून चिकटवायचे. चिमटा बसला तरी मला कळायचा नाही. मला सहनच होत नव्हतं ते. पळताना माझ्या आत दुसरंच कुणीतरी वळायलंय असं वाटायचं. मिरजेला मुक्ताला विचारलं, तुम्हालाही चिमटे देतात का गं? ती म्हणाली, रोज. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, की तू का सापडायलीस."

"मग मला सांगायचं ना!"

"पट्टी नीट लावत नाही हे कळलं तर मॅडम मला काढून टाकतील, ही भीती होती. म्हणून तर रेघ लाल झाली." तेजलनं पहिल्यांदा मान वर केली. "तरी तुला सांगणारच होते. तुझ्याकडून कुठं जात नव्हतं ते. पण तू मला विचारलंसच कुठं? तू मुक्ताचं विचारलंस, दाराचं विचारलंस. 'तेजे, तू असं केलंस का?' एवढं एकदा तोंडावर विचारायचं होतंस. तू यंत्राला विचारायला गेलीस."

रेवतीला रडू आलं. तेजलला आलं नाही. तिनं कढई उतरवली, खवा परातीत काढला, आणि त्यातला गरम गरम एक गोळा रेवतीच्या हातावर ठेवला, दारात आलेल्या कुणालाही दिला असता तसा.

"परत चल," रेवती म्हणाली. "मी मॅडमना सांगते."

"सांगून बघ."

झांबरे मॅडमनी ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. "पट्टी नीट लावली नाही म्हणजे शिस्त मोडलीच तिनं. आणि यंत्र मीच आणलंय इथं. निवड आठवड्यावर आली असताना मी जाऊन सांगू, की ते चुकलं? तुझी जागा पक्की आहे, रेवती. तू तिकडं लक्ष दे."

राज्य संघाची निवड पुण्याला होती. मैदानावरच्या चाचणीत रेवती निर्दोष पळाली. निवडीला आलेल्या बहुतेक मुली तशाच निर्दोष पळाल्या. त्यामुळं निकाल मुलाखतीवर येऊन ठेपला. दोन वर्षांपासून मुलाखतीत प्रत्येक मुलीनं स्वतःविषयी बोलायचं असायचं: तुझी ताकद काय, उणीव काय, आणि खेळताना कुठलं मूल्य पाळतेस. बोलताना गळ्याशी पट्टी असायची. पाठ केलेलं कोण बोलतंय ते कळावं म्हणून.

मुलींनी त्यावरही उपाय काढला होता. एकच उत्तर इतक्या वेळा म्हणायचं की अंगाला त्याची सवय व्हावी. रेवतीचं उत्तर तयार होतं. ताकद, चिकाटी. उणीव, जरा जास्त मेहनत घेते. मूल्य, प्रामाणिकपणा. हे म्हणताना तिची रेघ तळ्यातल्या पाण्यासारखी सपाट राहायची. मागच्या बाजूला झांबरे मॅडम बसलेल्या होत्या. त्यांनी मान हलवून धीर दिला.

समितीच्या अध्यक्षा प्रमिला रणदिवे पांढऱ्या केसांच्या, जुन्या खेळाडू. त्यांनी विचारलं, "बोल बाळ. तुझी ताकद काय?"

"मला आता सांगता येत नाही," रेवती म्हणाली.

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पूर्वी सांगितली असती. समोरच्या मुलीचा खांदा बघून ती कुठं जाणार ते मला कळायचं. आता मी खांदा बघत नाही. अंग आपोआप वळतं. ती ताकद माझी की यंत्राची, मला ठाऊक नाही."

"आणि उणीव?"

"मी हरले की त्याचं कारण मला दुसऱ्या कुणात तरी सापडायला हवं असतं. मी माझ्या मैत्रिणीवर चोरीचा आळ घेतला. तेजल घुले. तिनं काही दिलं नव्हतं, काही घेतलं नव्हतं. तिला मी घरी बसवलं. ती माझ्यापेक्षा चांगली पळते, हे मला मिरजेलाच दिसलं होतं. मला ते नको होतं, म्हणून मी चोर शोधला."

समितीतल्या एका सदस्यानं पडदा अध्यक्षांकडे वळवला. रेघ लालभडक होती.

"खंडागळे," तो म्हणाला, "यंत्राच्या मते तुम्ही हे मनापासून बोलत नाही आहात. कुणी बोलायला लावलंय का?"

"मला भीती वाटतेय, सर. लालच येणार. मघाशी बाहेर मी पाठ केलेलं उत्तर घोकून बघितलं, तेव्हा हिरवी होती."

तो सदस्य काही बोलणार होता. रणदिवे बाईंनी त्याला थांबवलं. "एवढी भीती वाटतेय, तर सांगतेस कशाला?"

"न सांगता निवड झाली, तर खोलीत जाऊन तो रिकामा पलंग रोज बघावा लागेल."

"मूल्याचं राहिलं," बाई म्हणाल्या.

"ते मी सांगणार नाही. मी नुसतं म्हणून काय होतंय? तेजलला बोलवा, बाई. तिची चाचणी घ्या. पट्टी न लावता."

झांबरे मॅडम उठून बाहेर गेल्या. परतीच्या प्रवासात त्या रेवतीशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

रणदिवे बाईंनी तेजलला बोलावलं. चाचणीला राज्यातल्या सगळ्यांत चपळ मुली तिच्या मागं सोडल्या. तेजल अडखळली, थबकली, एकदा तर सरळ पाठलाग करणारीच्या अंगावर जाऊन ऐन वेळी कमरेत वाकली. खो देणारी आणि पाटीवरून उठणारी एकमेकींवर आदळल्या. कुणीतरी हसलं आणि मग सगळ्याच हसल्या. तेजल संघात आली. रेवती राखीव खेळाडूंत गेली. आईनं फोनवर विचारलं, "राखीव म्हणजे खेळणार का नाही?" रेवती म्हणाली, "बघू." आई म्हणाली, "बरं. जेवलीस का?"

शिबिराच्या पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी दोघींना एकाच तुकडीत पळायला लावलं. चिमटे चालूच होते. एका मुलाखतीनं ते बंद होणार नव्हते. मात्र तेजलला पट्टी लावायची नाही, असं रणदिवे बाईंनी सांगून ठेवलं होतं, आणि बाकीच्या मुली आता सरावाच्या मधल्या सुट्टीत हळूच तिच्याभोवती जमायच्या. तेजल रेवतीशी बोलायची. खेळाचं बोलायची, जेवणाचं बोलायची. कधी कधी पूर्वीसारखी टपलीही मारायची. रेवतीला वाटू लागलं, की झालं गेलं मागं पडलं.

एका दुपारी ऊन तापलं होतं. पळून आल्यावर दोघी कडुलिंबाच्या सावलीत बसल्या. रेवतीनं बर्फाच्या पेटीतून पाण्याची बाटली काढली आणि तेजलपुढं धरली.

"घे, तू आधी पी."

तेजलनं बाटली घेतली. ती दमलेली होती, ओठ सुकले होते, तरी तिनं लगेच तोंडाला लावली नाही. बाटली जराशी तिरकी केली आणि झाकणाखालची सीलची कडी अंगठ्यानं चाचपून बघितली. कडी शाबूत होती. झाकण पहिल्यांदाच उघडल्याचा कट्ट असा आवाज झाला. मग ती घटाघटा पाणी प्यायली.

"गार आहे," ती म्हणाली आणि उरलेली बाटली परत दिली.

रेवती मैदानाकडे बघत होती. तिनं काही पाहिलं नाही असं दाखवलं.